मीठ, ज्येष्ठमध आणि चौथी गोळी

मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात एक व्याख्यान झालं. सुट्टीला आलेला एक तरुण डॉक्टर रक्तदाबाच्या औषधांबद्दल बोलत होता. बोलता बोलता त्याच्या तोंडून 'न्यूक्लिअर रिसेप्टर' हा शब्द गेला आणि व्याख्यान तिथेच थांबून वाद सुरू झाला. जैतापूरच्या प्रकल्पावरून वर्षानुवर्षं भांडलेल्या या किनाऱ्यावर 'न्यूक्लिअर' हा शब्द कुणी हलका घेत नाही. मागच्या बाकावरून एक वडीलधारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "म्हणजे आता गोळीतून माणसाच्या जनुकांशी खेळणार?" पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं, की जग कुठल्या कुठे गेलं, नवी औषधं आली की जुन्या गोळ्या कुणी हातात धरणार नाही. तासभर हेच चाललं. एका बाजूला नवं येईल ते तारेल असा भरवसा होता. दुसऱ्या बाजूला गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा, मीठ कमी करा आणि झाडपाला घ्या, एवढा एकच मंत्र होता. त्याच गावात मी अठरा वर्षं मेडिकल चालवते, औषधशास्त्र शिकले आहे, आणि ज्यांच्याबद्दल हा वाद चालला होता ती माणसं रोज माझ्या काउंटरसमोर उभी असतात. त्यांच्या उपयोगाचं एक वाक्यही त्या तासाभरात निघालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगते. तीन औषधं नीट घेऊनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही, त्यांच्यासाठीची चौथी गोळी साठ वर्षांहून जुनी आहे. तिचं नाव स्पायरोनोलॅक्टोन. ती न्यूक्लिअर रिसेप्टरवरच काम करते, काही रुपयांत मिळते, आणि तरीही माझ्या काउंटरवर तिची चिठ्ठी फार क्वचित येते. तिची किंमत किंवा लोकांची भीती हे त्याचं खरं कारण नाही. ही गोळी सुरू केली की रक्तातलं पोटॅशियम वेळच्या वेळी आणि अचूक मोजावं लागतं. ती सोय तालुक्याच्या खाली नीट नाही, आणि आपण ती कधी मागितलेलीही नाही. म्हणून 'जुनं की नवं', 'गोळी की मीठ' हे वाद मला वेळेचा अपव्यय वाटतात. मागणी करायचीच तर या तपासणीची करायला हवी.

आधी त्या शब्दाची भीती काढू. इथे 'न्यूक्लिअर' म्हणजे पेशीच्या मध्यावरचं केंद्रक, अणूचं केंद्रक नव्हे. आपल्या शरीरातले काही संप्रेरक, म्हणजे हार्मोन्स, पेशीच्या बाहेर थांबून निरोप देत नाहीत. ते थेट आत शिरतात, तिथे आपली वाट पाहणाऱ्या एका प्रथिनाला चिकटतात, आणि ती जोडी केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकं चालू किंवा बंद करते. अशी 48 प्रथिनं माणसात आहेत, त्यांना न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात. जनुक बदलत नाही, त्याचं काम वाढतं किंवा घटतं, आणि तेही दिवसरात्र, गोळी घेतली नाही तरी. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व असंच काम करतं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका आज घरोघरी आहेत. ती गोळीही अशाच रिसेप्टरवर जाऊन बसते. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड, पाळी लांबवायची गोळी, सगळ्यांचा रस्ता हाच. वाचनालयात जनुकांची काळजी करणाऱ्या त्या गृहस्थांच्या घरात यातलं एकही औषध नसेल का?

रक्तदाबाच्या दृष्टीने यातला सगळ्यात महत्त्वाचा रिसेप्टर मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरोन नावाचा संप्रेरक सोडते. लंडनमध्ये सिल्विया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने 1953 साली तो वेगळा काढला. हा संप्रेरक मूत्रपिंडाच्या पेशीत शिरून त्या रिसेप्टरला जाऊन मिळाला, की मीठ पकडून ठेवणाऱ्या वाहिन्यांची संख्या वाढते. लघवीतून जाऊ पाहणारं सोडियम परत रक्तात येतं, त्याच्यामागून पाणी येतं, आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. दुष्काळात, मीठ मिळत नसताना, जीव वाचवणारी ही व्यवस्था आहे. ती गरजेबाहेर चालू राहिली तर काय होतं, हे जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरने 1955 साली जगापुढे मांडलं. त्याची रुग्ण 34 वर्षांची बाई होती: रक्तदाब चढलेला, पोटॅशियम घसरलेलं, हातापायांत पेटके. तिच्या अधिवृक्क ग्रंथीवर एक छोटी गाठ होती, तीच अल्डोस्टेरोन ओतत होती. गाठ काढली आणि बाई बरी झाली. स्पायरोनोलॅक्टोन याच दशकाच्या अखेरीस तयार झालं. ते रिसेप्टरची जागा अडवून बसतं, म्हणून अल्डोस्टेरोनला बसायला जागा राहत नाही. या रिसेप्टरचं जनुक मात्र सापडलं 1987 साली, रॉन एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे गोळी आधी आली आणि ती कुठे काम करते याचा नेमका पत्ता जवळजवळ तीस वर्षांनी कळला. 'नव्या विज्ञानाचं नवं औषध' म्हणून ज्याची वाट पाहायची, ते आजोबांच्या काळापासून कपाटात आहे.

माझे एक चुलतकाका भजनी बुवा आहेत. डबलबारीच्या मोसमात रात्र रात्र गाणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या गावात. त्यांच्या पेटीच्या खणात हातरुमालात गुंडाळलेल्या ज्येष्ठमधाच्या काड्या कायम असायच्या. एक काडी दाढेखाली, रंग पिवळट, टोकाला दाताने चावून चावून कुंचल्यासारखे धागे सुटलेले. गळा मोकळा राहतो म्हणून वर्षानुवर्षं रोज. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब 180 च्या वर गेला, तीन गोळ्या चालू असूनही उतरेना. पायांत त्राण नाही, मांडीत गोळे येतात, अशी तक्रार होती. रक्तात पोटॅशियम 2.8 निघालं. 3.5 च्या खाली जायला नको, तिथे 2.8. मी विचारलं, "काकानू, ज्येष्ठमध अजून चघळतास?" ते हसले, "गो, ता झाडाचा मूळ. माका काय होवचा नाय."

झाडाचं मूळच होतं, आणि त्याचा रस्ता तोच होता. आपल्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचा दुसरा संप्रेरक अल्डोस्टेरोनच्या कितीतरी पट, शेकड्याच्या हिशोबात जास्त असतो, आणि गंमत अशी की मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला दोन्ही सारखेच चालतात. मग मूत्रपिंडावर कॉर्टिसॉलचं राज्य का चालत नाही? कारण तिथे एक विकर, म्हणजे एन्झाइम, पहाऱ्याला बसलेलं असतं. ते कॉर्टिसॉल दारातच निकामी करतं. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक त्या पहारेकऱ्यालाच झोपवतो. 1940 च्या दशकात नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरने पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क वापरला, तेव्हा अल्सरला आराम पडला पण काही रुग्णांच्या अंगावर सूज चढली. कारण कळायला चाळीस वर्षं गेली. काकांच्या काड्या बंद केल्या, पोटॅशियम भरून काढलं, आणि काही आठवड्यांत रक्तदाब दोन गोळ्यांवर आला. आता ज्या मंडळींना केंद्रकापर्यंत पोचणाऱ्या औषधाची धास्ती वाटते आणि झाडपाल्याचा भरवसा वाटतो, त्यांनी मला सांगावं की काकांच्या दाढेखालची काडी नेमकी कुठपर्यंत पोचली होती? रिसेप्टरला मूळ आणि गोळी यांतला फरक कळत नाही.

सर्पगंधेची आठवण इथे ठेवायला हवी. सह्याद्रीच्या उतारावर उगवणारं हे झुडूप. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्याच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि सगळ्या जगाचं लक्ष वेधलं. 1952 मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं झालं. रक्तदाब खरोखर उतरवणारी ती पहिल्या काही औषधांपैकी एक, आणि आपल्याला तिचा अभिमान असायलाच हवा. पण त्याच मुळीने काही रुग्णांना खोल उदासीनतेतही लोटल्याच्या नोंदी पुढच्या काही वर्षांत आल्या. डॉ. वकिलांचं मोठेपण मूळ शोधण्यात नव्हतं, ते आधीपासून वापरात होतंच. त्यांनी मोजलं, नोंदलं, छापलं. मला आज कोकणात जी उणीव दिसते ती या मोजण्याचीच आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे, नव्याची वाट पाहणाऱ्यांकडे. त्यांचा उत्साह मला कळतो, कारण या रिसेप्टरांबद्दलचं ज्ञान खरोखर विलक्षण आहे. 2000 साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कुटुंबात मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरमधला एकाच अक्षराचा बदल शोधला. त्या बदलामुळे गर्भारपणातलं प्रोजेस्टेरोन, जे एरवी हा रिसेप्टर अडवतं, तेच त्याला चालू करू लागलं. त्या घरातल्या बायकांचा रक्तदाब गर्भारपणात भडकायचा. आणि अशा माणसाला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर तेही उलटं काम करतं. कुलूप जरा बदललं की किल्ली अशी फिरते. पण याच ज्ञानाने आपल्याला घाई न करायलाही शिकवलं आहे. 1999 साली पीपीएआर गॅमा नावाच्या दुसऱ्या न्यूक्लिअर रिसेप्टरमधले असे दोष सापडले, ज्यांनी तरुण वयातच मधुमेह आणि तीव्र रक्तदाब येतो. मग तो रिसेप्टर चालू करणाऱ्या ग्लिटाझोन गोळ्यांनी मधुमेहाबरोबर रक्तदाबही उतरेल, अशी आशा बांधली गेली. थोडा उतरलाही. पण त्याच गोळ्या अंगात पाणी साठवतात, अशक्त हृदय त्याने आणखी थकतं. रोझिग्लिटाझोनवर आपल्या देशात 2010 मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोन 2013 मध्ये थांबवलं आणि काही आठवड्यांत इशाऱ्यासह पुन्हा सुरू केलं. ते दिवस मला आठवतात. एका सकाळी मी ग्राहकांना 'ही गोळी बंद झाली' म्हणून सांगत होते आणि पावसाळा सरायच्या आत 'पुन्हा सुरू झाली' म्हणून. ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरचंही तेच. उंदरात तो रिसेप्टर काढला की रक्तदाब वाढतो हे खरं, पण माणसांना ड जीवनसत्त्व देऊन केलेल्या नीट चाचण्यांत रक्तदाब हलला नाही. 48 रिसेप्टरांपैकी रक्तदाबाच्या बाबतीत माणसावर कसाला उतरलेला मुख्य रिसेप्टर आजही मिठाचाच, म्हणजे मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच, आहे.

तो कसाला किती उतरला? 2015 साली ब्रिटनमध्ये पाथवे-2 नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन औषधांवर असूनही रक्तदाब न उतरलेले 335 रुग्ण. त्याच रुग्णांना आळीपाळीने बारा-बारा आठवडे स्पायरोनोलॅक्टोन, रक्तदाबाचीच बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन ही दुसरी दोन औषधं, आणि औषध नसलेली गोळी दिली. स्पायरोनोलॅक्टोनने घरी मोजलेला वरचा आकडा नुसत्या गोळीपेक्षा 8.7 अंकांनी जास्त उतरवला आणि इतर दोघांना स्पष्टपणे मागे टाकलं. हट्टी रक्तदाबाच्या मुळाशी बहुतेक वेळा साठलेलं मीठच असतं, हे या एका चाचणीने दाखवलं.

मिठाचाच प्रश्न असेल तर मीठच कमी करा ना, हा आक्षेप आला पाहिजे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. 2009 मध्ये अवघ्या 12 रुग्णांवर झालेली एक छोटी चाचणी आहे. तिन्ही औषधांना न जुमानणाऱ्या त्या रुग्णांना आठवडाभर अगदी कमी मिठाचं जेवण दिलं, तेव्हा जास्त मिठाच्या आठवड्यापेक्षा वरचा आकडा सरासरी 22.7 अंकांनी खाली आला. एवढं काम कुठलीही एक गोळी करत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून एक चमचा. आमच्या घरांत पावसाळ्यात काय शिजतं ते बघा. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, सांडगी मिरची, मिठातला आवळा, आंब्याचं लोणचं, वर आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमाच्या रसाची, सोलकढी. आगळात किती मीठ असतं हे ज्याने ते घातलंय त्यालाच ठाऊक. मासेमारी बंद असते, भाजी महाग असते, खारवलेल्या मासळीवर तीन महिने काढायचे असतात. त्यामुळे 'मीठ सोडा' हे वाक्य इथे नुसतं आहाराचं राहत नाही, ते एखाद्या मासळी सुकवणाऱ्या बाईच्या पोटावरही येतं.

1930 च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आमच्या भागात अजून त्याच्या गोष्टी सांगतात. गरिबाच्या ताटातल्या मिठाचा भाव सरकार ठरवतं, हे लोकांनी मानलं नाही. त्या आंदोलनाने मीठ ही ज्याच्या त्याच्या चुलीपुरती बाब न ठेवता सार्वजनिक प्रश्न केला. मला वाटतं आज आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. मिठाचा सगळा भार त्या एका माणसाच्या निग्रहावर टाकतो. घरात सहा माणसं एका टोपातलं जेवतात, त्यात एका सासूबाईंनी अळणी कसं जेवायचं? आठवडाभर दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून मोजून आलेलं जेवण वेगळं आणि वीस वर्षं घरचं जेवण वेगळं. मीठ कमी करण्याचा प्रयत्न चालू ठेवायलाच हवा, आणि स्पायरोनोलॅक्टोन त्याच्या विरुद्ध उभं नाही. ताटातल्या मिठाने जे दार आतून ढकललं जातं, तेच दार ती गोळी दुसऱ्या बाजूने धरून ठेवते. ज्याचा रक्तदाब आज 170 आहे त्याला, आधी घरची रीत बदल आणि मग ये, असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

यापेक्षा जड आक्षेप पोटॅशियमचा. अल्डोस्टेरोन अडवलं की मीठ बाहेर जातं आणि पोटॅशियम आत राहतं. ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते आणि माणूस काही सूचना न देता जाऊ शकतो. ही कल्पनेतली भीती नाही. 1999 मध्ये राल्स ही चाचणी आली. हृदय खूप अशक्त झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या, रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ते भराभर लिहायला सुरुवात केली. त्याआधी, 1994 साली, तिथल्या हार्ट फेल्युअरच्या दर हजार वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण 2.4 होतं. 2001 मध्ये ते 11 झालं, आणि त्यातून मृत्यूही वाढले. चाचणीत ज्यांना मोजून-मापून निवडलं होतं, त्यांच्यापेक्षा बाहेरची माणसं म्हातारी होती, मूत्रपिंडं थकलेली होती, आणि रक्त तपासलं जात नव्हतं. कोकणात असं होणं आणखी सोपं आहे. एका शहाळ्याच्या पाण्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. उन्हाळ्यात दिवसाला दोन शहाळी ही आमच्याकडे चैन नाही, परसातलं झाड आहे. त्यावर रक्तदाबाचं टेल्मिसार्टन चालू, तेही पोटॅशियम वाढवतं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक, तेही मूत्रपिंड मंदावतं. पावसाळ्यात ताप, जुलाब, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप). आणि हल्ली 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे पुडे येतात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. धडधाकट माणसाला ते चांगलं, चीनमध्ये 600 गावांतल्या मोठ्या चाचणीत त्याने पक्षाघात कमी झाले. पण या गोळीबरोबर तेच मीठ घातक ठरू शकतं. हे सगळं जाणून एखादा डॉक्टर म्हणाला की मी ही गोळी लिहिणार नाही, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

पण ओंटारिओची गोष्ट इथे संपत नाही. त्याच राल्सनंतर स्कॉटलंडच्या टेसाइड भागातही स्पायरोनोलॅक्टोनचा वापर झपाट्याने वाढला. तिथल्या सगळ्या नोंदी तपासून 2010 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटॅशियम वाढून रुग्णालयात येणारे तिथे वाढले नव्हते. गोळी तीच. डोळ्यांत भरणारा फरक असा की टेसाइडमध्ये गोळीबरोबर रक्त तपासण्याचं प्रमाणही वाढलं होतं. एकाच औषधाच्या या दोन कहाण्या समोर ठेवल्यावर दोष गोळीत शोधायचा की तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत? पोटॅशियमच्या भीतीने गोळीच नको म्हणणं म्हणजे समुद्रात वादळ येतं म्हणून होडीच मोडण्यासारखं आहे. वाऱ्याचा अंदाज घेऊन दर्यात जाणाऱ्या गावांत तरी हा युक्तिवाद चालू नये.

आपल्याकडे त्या तपासणीचं काय होतं, ते जवळून पाहिलेलं सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एक मासळीवाल्या मावशी आहेत, साठीच्या. त्यांना चौथी गोळी सुरू झाली. दहाव्या दिवशी रक्त दिलं. नळी बर्फाच्या डब्यात बसली, दुपारी मोटरसायकलवरून निघाली, संध्याकाळी दुसऱ्या डब्यात गेली आणि मशीनपर्यंत दुसऱ्या दिवशी पोचली. रिपोर्ट आला 6.2. डॉक्टरांनी गोळी तत्काळ बंद केली, आणि तो कागद पाहून दुसरं काही करणंही शक्य नव्हतं. दोन आठवड्यांत रक्तदाब पुन्हा 176. मग मावशी मुलीकडे शहरात गेल्या, तिथे रक्त घेतल्यावर अर्ध्या तासात तपासलं, आकडा 4.5. अगदी ठीक. आधीचा आकडा मावशींच्या अंगातला नव्हता, नळीतला होता. पेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. रक्त तसंच ठेवलं, हेलकावे बसले, किंवा सीरम, म्हणजे पेशी बाजूला केल्यावर उरणारा द्रव, वेगळं न करता थंड ठेवलं, की पेशींतून ते झिरपत बाहेर येतं आणि आकडा फुगतो. यावर उपाय मोठा नाही. रक्त घेतलं त्याच जागी ते फिरवून सीरम वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज, जे टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं, ते चालू असलं पाहिजे, आणि ते चालवणारा माणूस जागेवर असला पाहिजे. वाचनालयातल्या तासाभराच्या वादात या मशीनचं नाव कुणी घेतलं नाही.

कुणी म्हणेल, नव्या गोळ्यांनी हे सगळं टळेल. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषांच्या छातीत गाठ आणि दुखरी सूज आणतं, कारण ते पुरुषी संप्रेरकाच्या रिसेप्टरलाही अडवतं. राल्समध्ये दर दहा पुरुषांमागे एकाला हा त्रास झाला. पुरुष हे मला काउंटरवर मोठ्याने सांगत नाहीत, चिठ्ठी सरकवतात आणि 'दुसरं काही आहे का' विचारतात. एप्लेरेनोन, फिनेरेनोन या पुढच्या गोळ्या त्या बाबतीत नक्कीच सरस आहेत, आणि ज्याला त्रास होतो त्याला त्या मिळाव्यात. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडत चाललेल्यांसाठी फिनेरेनोनचा पुरावा भक्कम आहे. पण पोटॅशियम त्याही वाढवतात. तपासणी त्यांनाही लागते. आज स्वस्त गोळीसाठी जी सोय आपण उभी करणार नाही, ती उद्याच्या महाग गोळीलाही नसेल.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून तो मी स्वतःशी बराच काळ घोळवला. पहिलीच गोळी नियमित न घेणारे हजारो असताना चौथीची चर्चा कशाला? खरं आहे. 2017 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग होता. ठरावीक औषधांच्या पायऱ्या, प्रत्येकाचं कार्ड, उपकेंद्रावर गोळ्या. त्या साध्या कामाने जे होतं ते कुठल्याही नव्या शोधाने होत नाही, आणि आशाताईंनी त्यासाठी किती चढ-उतार पायी केले ते मी पाहिलं आहे. चौथ्या गोळीआधी बघायच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. तिन्ही गोळ्या खरंच पोटात जातात का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, वेदनाशामक चालू आहे का, दाढेखाली ज्येष्ठमध आहे का. हे सगळं गाळून जे उरतात ते थोडे. पण थोडे म्हणजे कोण? पक्षाघाताच्या सगळ्यात जवळ उभी असलेली माणसं. आणि गावात त्यांचं बोलणं फार दूर जातं. 'तीन-तीन गोळ्या घेतल्या, काय्येक फरक नाय' असं एक माणूस पारावर बसून म्हणतो, तेव्हा एक गोळी घेणारे दहाजण ती सोडतात. पहिली पायरी टिकवायची असेल तर शेवटच्या पायरीवरच्याला वाऱ्यावर सोडून चालत नाही.

वाचनालयातून घरी येताना मी त्या तरुण डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, "ताई, मी रिसेप्टर समजावत बसलो, खरं तर नळी समजावायला हवी होती." मग आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी तो दिला आहे, तो असा: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सेंट्रिफ्यूज चालू स्थितीत असावं आणि रक्त घेतल्यापासून तासाभरात सीरम वेगळं व्हावं. पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट दोन दिवसांत मिळावा. पोटॅशियम 6 च्या वर आलं तर कागदाची वाट न पाहता केंद्रावर फोन यावा. रक्तदाबाच्या कार्डावर चौथ्या औषधाची एक ओळ आणि तिच्यासमोर पुढच्या रक्ततपासणीची तारीख असावी. खाली माझी सही आहे, त्याची आहे, मासळीवाल्या मावशींचा अंगठा आहे, आणि मागच्या बाकावरून जनुकांबद्दल विचारणाऱ्या त्या गृहस्थांचीही आहे. त्यांच्या पत्नीला तिसरी गोळी चालू आहे.